मंडळी आणि दरबार : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात दोन शब्द नेहमी आढळतात : 'मिशन' आणि 'मंडळी'. मिशन म्हणजे समुद्रापलीकडून आलेली संस्था. तिच्या शाळा, इस्पितळे, छापखाने, तिचा पगारपत्रक आणि तिचे साहेब हे सारे या शब्दात येते. मंडळी म्हणजे एकत्र जमून उपासना करणारी माणसे. इंग्रजीतून या विषयाकडे पाहणाऱ्याला या दोहोंतील अंतर सहजासहजी जाणवत नाही; मराठी ख्रिस्ती माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र अभ्यासताना हे अंतर ध्यानात ठेवणे अत्यंत अगत्याचे आहे. कारण १९१७ साली त्यांनी जे पाऊल उचलले, त्याचा अर्थ लावताना अनेकांनी या दोन शब्दांची गल्लत केलेली आहे. टिळक चर्चच्या भिंती ओलांडून बाहेर पडले, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक त्यांनी सोडले ते मिशन. मंडळीशी त्यांचे नाते शेवटपर्यंत कसे राहिले, आणि त्यांच्या पश्चात मंडळीने त्यांचे काय केले, हा या लेखाचा विषय होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली होती. मुलाचा ओढा सगळा आईकडे होता. ती लवकर वारली, आणि तिच्याबरोबर घराशी असलेले त्याचे बंधही तुटले. तो नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याचे संस्कृत अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण मात्र थोडेच झाले. पुढे जे इंग्रजी त्यांना आले, ते बहुतांशी स्वतःच्या वाचनाने.

१८८०च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या अकरा-बारा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. त्यानंतरची दहाबारा वर्षे टिळक एका जागी स्थिर असे कधी राहिलेच नाहीत. कधी शाळामास्तर, कधी पुराणिक, कधी कीर्तनकार, कधी छापखान्यातला खिळे जुळविणारा, अशी कामे त्यांनी केली आणि सोडली. न सांगता घरातून निघून जावे आणि काही दिवसांनी कुठूनतरी पत्र यावे, हा त्यांचा क्रमच होता. या काळाचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. तो लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त असा दिला आहे की दुसऱ्या कोणी त्यावर हात चालवू नये. एवढेच नोंदवावे की टिळकांच्या या भ्रमंतीमागे पोटाचा प्रश्न होता तितकाच धर्माचाही होता. रूढ कर्मकांड त्यांना पटत नव्हते, आणि नुसत्या सुधारकी टीकेने त्यांचे समाधान होत नव्हते. ज्याला सर्व जातींची माणसे सारख्याच हक्काने आपला म्हणू शकतील असा धर्म आपणच स्थापावा, असेही त्यांच्या मनात घोळत असे.

१८९१च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांना मिळाले. याच काळात 'ऋषी' नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालविले. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. हा प्रांत मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांचा होता, आणि त्यातील मराठी सुशिक्षित मनुष्य नोकरीनिमित्त हिंदी मुलखात सहजच जात-येत असे. टिळकही असेच निघाले. नागपूरच्या पूर्वेस गोंदिया-डोंगरगडावरून जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव हे छोटे संस्थान होते. तेथे नोकरी मिळण्याची आशा होती.

१८९३ साली या मार्गावरील आगगाडीच्या डब्यात जे घडले, ते मराठी ख्रिस्ती वाङ्मयात इतक्या वेळा सांगितले गेले आहे की त्याला आता आख्यानाचे रूप आले आहे. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. त्याने जागा करून दिली आणि संस्कृत काव्याविषयी बोलणे काढले. काही वेळाने ते धर्माकडे वळले. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तथापि पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले होते, आणि शब्द पाळण्यासाठी ते वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले. आपण ज्या धर्माचा शोध घेत होतो त्याची तत्त्वे येथे लिहिलेली आहेत, अशी त्यांची खात्री झाली.

या प्रसंगाचे वाङ्मयीन मर्म माझ्या मते भाकितात नाही. ते संभाषणाच्या आरंभात आहे. त्या गृहस्थाने पहिला विषय काढला तो संस्कृत काव्याचा. सुवार्ता सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या घरात त्याच्या दाराने शिरावे, ही गोष्ट टिळक त्या प्रवासात शिकले. पुढे ख्रिस्ती झाल्यावर ते स्वतः ज्या रीतीने महाराष्ट्राशी बोलले, तिची पहिली खूण येथे सापडते. मुंबईस बाप्तिस्मा घेईपर्यंत टिळक कोणत्याही मिशनच्या आवारात वाढले नव्हते, कोणाच्या शाळेत शिकले नव्हते, दुष्काळात कोणाच्या अन्नावर जगले नव्हते. रेल्वेच्या डब्यात एक माणूस भेटला, त्याने एक पुस्तक दिले, आणि वाचणाऱ्याने ते वाचले. मिशनच्या यंत्रणेविषयी टिळकांच्या मनात पुढे जी अस्वस्थता राहिली, तिचे बीज या एकाकी आरंभात असावे.

त्यानंतर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्राशी आपली ओळख उघड न करता पत्रव्यवहार आरंभिला. 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला निघालेले पत्र. या वेळी रेव्हरंड जस्टिन ॲबट यांचा त्याच्याशी संबंध होता. तुलनात्मक वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. याच ॲबटांनी पुढे निवृत्तीनंतरची वर्षे एकनाथ, तुकाराम आणि महीपती यांच्या इंग्रजी भाषांतरांत घालविली, आणि महाराष्ट्रातील संतकवींवरील त्यांची ग्रंथमाला आजही वापरात आहे. ज्याच्या पत्रांनी एका चित्पावन कवीला ख्रिस्ताकडे येण्यास साहाय्य झाले, तो स्वतः अखेरीस वारकऱ्यांच्या दारी जाऊन बसला. धर्मप्रसाराचा इतिहास लिहिताना ही दुहेरी वाहतूक आपण बहुधा विसरतो.

राजनांदगावात टिळकांच्या मनाचा कल कळला, आणि त्यांना त्रास सुरू झाला. ते मुंबईस आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गोऱ्या मिशनरीच्या नव्हे, देशी पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि तसाच तो झाला. हा आग्रह पुष्कळ काही सांगून जातो. ख्रिस्ताचा स्वीकार करताना पाश्चात्त्यांचा स्वीकार आपण करीत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवावयाचे होते.

परंतु याच दिवसाने त्यांचे घर मोडले. लक्ष्मीबाईंना ही बातमी माहेरच्या माणसांत असताना कळली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असून त्या त्याला मुकल्या होत्या. लहान दत्तू त्यांच्यापाशी होता. पुढील चार-साडेचार वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने, कधी नाशिकला तर कधी पंढरपूरला राहिल्या. टिळक पत्रे पाठवीत, कविता पाठवीत, भेटीला येत. लक्ष्मीबाईही कवितेने उत्तर देत. वाचायला शिकविले होते ते नवऱ्यानेच, आणि आता त्याच्यापासूनचे अंतर मोजण्यास ती विद्या उपयोगी पडत होती.

विश्वास दुसऱ्याला देता येतो का, हा प्रश्न टिळकांच्या बाबतीत प्रथम घरातच उभा राहिला, ही बाब चरित्रकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. महाराष्ट्राला ख्रिस्ताची ओळख करून द्यावयास निघालेल्या या वक्त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले नाही ते त्याच्या पत्नीने. त्यांनी तिच्यावर बळजोरी केली नाही. कायद्याचा आधारही घेतला नाही. १८९९च्या सुमारास लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे राहावयास आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसारासाठी. आरंभी त्यांचे सोवळे-ओवळे, त्यांचे वेगळे पाणी, वेगळा स्वयंपाक असे सारे त्याच घरात चालू राहिले. ते सुटले तेही टिळकांच्या युक्तिवादाने नव्हे. माणसांत हे भेद देवाने केले की माणसाने, असा विचार एके दिवशी त्यांच्या मनात आला, आणि त्याचे उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी या सगळ्याचे जे वर्णन केले, त्यात नवऱ्याच्या धर्मवेडाविषयीचा राग, त्याच्या विसरभोळेपणाची थट्टा आणि त्याच्यावरची निष्ठा ही एकाच वाक्यात नांदतात. आज आपण जे टिळक ओळखतो ते बव्हंशी लक्ष्मीबाईंचे टिळक आहेत. हे भाग्य फार थोड्या धर्मप्रचारकांच्या वाट्यास आले असेल.

अहमदनगरचा काळ हा टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत फलद्रूप काळ होय. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ पासून व अहमदनगरला १८३१ पासून चालू होते. नगर आणि राहुरी भागातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. एका चित्पावन शास्त्र्याने त्यांच्यात राहावे, त्यांच्या पोरांना शिकवावे, १९०४ साली दीक्षा घेऊन त्यांच्यापुढे पाळक म्हणून उभे राहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८९९-१९००च्या दुष्काळाने या भागात अनाथ मुलांची दाटी झाली. टिळकांच्या घरातही परक्याची मुले कायम असत, आणि खाणारी तोंडे मोजण्याची सवय घरमालकाला नव्हती. ती लक्ष्मीबाईंना ठेवावी लागे.

याच मंडळ्यांत टिळकांना आपले खरे काम सापडले. ते म्हणजे मंडळीच्या तोंडी तिची स्वतःची गाणी देणे. उपासनेत तोवर पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. देशी वळण अजिबात नव्हते असे नाही. नगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता, आणि टिळक त्यांचे ऋणी आहेत. परंतु अभंगाचा श्वास ख्रिस्ती भक्तीत आणला तो टिळकांनी. ते स्वतः असे मानीत की तुकारामाच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत आलो. हे केवळ सौजन्याचे विधान नव्हे. त्यांच्या भजनांतील ख्रिस्त आई आहे, सद्गुरू आहे, सखा आहे. तो न्यायासनावर बसलेला राजा क्वचितच आहे. पंढरीच्या वाटेवरील भक्त विठ्ठलाला जशी माउली म्हणतो, तसेच हे नाते आहे. पश्चात्तापाची भाषाही संतांच्या आर्त अभंगांतून आलेली आहे. येथे एक शंका रास्त आहे. आशय ख्रिस्ती आणि रूप वारकरी, असे हे नुसते पात्रांतर तर नाही ना? माझ्या मते नाही. टिळकांच्या उत्तरकालीन भजनांत पाप आणि क्षमा यांची जी ऐतिहासिक, एका विशिष्ट क्रुसाशी बांधलेली जाणीव आहे, तिने अभंगाच्या रूपालाही थोडे वाकविले आहे. जेथे ते वाकले नाही तेथे रचना सपाट झाली आहे, आणि अशाही रचना पुष्कळ आहेत. घाईने लिहिणे हा टिळकांचा दोष होता.

याच्याच बरोबरीने त्यांची दुसरी कविता चालू होती. फुले, मुले, पाखरे, घरगुती प्रेम आणि स्वदेश यांची ती कविता. 'वनवासी फूल', 'सुशीला' यांसारख्या दीर्घ रचना, पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीवरील 'केवढे हे क्रौर्य', 'प्रियकर हिंदिस्तान'सारखे देशगीत यांनी त्यांना केशवसुतांच्या पिढीत मानाचे स्थान मिळाले. फुलामुलांचे कवी हे बिरुदही त्यांना चिकटले. नव्या कवींना त्यांचे घर म्हणजे हक्काचा आसरा होता. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला बालकवी ही पदवी मिळाली तो त्र्यंबक बापूजी ठोमरे हा मुलगा टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला.

आपल्या वाङ्मयेतिहासाने टिळकांची वाटणी करून टाकली आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनी पक्षिणी आणि फुले घेतली. मंडळीने भजने घेतली. पहिला वाचक दुसऱ्या टिळकांना ओळखत नाही, आणि दुसरा पहिल्यांना कवितेचा प्रासंगिक छंद समजतो. या वाटणीत दोन्ही पक्षांचे नुकसान आहे. जखमी पक्षिणीची तडफड पाहणारी दृष्टी आणि क्रुसावरच्या माणसाकडे पाहणारी दृष्टी या एकाच कवीच्या आहेत, आणि एकीशिवाय दुसरी पुरती वाचता येत नाही.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले, आणि अखेरपर्यंत ते काम त्यांच्याकडे राहिले. या लेखनात त्यांचा असंतोष हळूहळू स्पष्ट होत गेला. परदेशी पैशावर चालणारी व्यवस्था देशी ख्रिस्ती माणसाला पांगळा करते. पगारी प्रचारकाच्या साक्षीवर ऐकणाऱ्याचा भरवसा बसत नाही. आणि बाप्तिस्म्याबरोबर मनुष्य आपल्या गावातून, भाषेतून, नातलगांतून उखडला जातो, अशी त्यांची तक्रार होती. यातील शेवटचा मुद्दा त्यांच्यापुरता केवळ तात्त्विक नव्हता. स्वतःच्या संसाराची पाच वर्षे त्यांनी त्यापायी दिली होती. साक्ष हा ख्रिस्ती मराठीतील कळीचा शब्द कोर्टाच्या भाषेतूनही ऐकू येतो. पगार घेणारा साक्षीदार कोर्टात टिकत नाही. टिळकांना छळणारा प्रश्न नेमका हा होता.

१९१७ साली त्यांनी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय केला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उघडला. कल्पना अशी होती की ज्याला ख्रिस्त गुरू म्हणून मान्य आहे, त्याने या दरबारात यावे. बाप्तिस्मा घेतलेल्याने यावे, न घेतलेल्यानेही यावे. न घेतलेल्याने आपले घर, आपली माणसे सोडण्याची गरज नाही. दरबार हे चर्चला पर्याय म्हणून मांडलेले नवे चर्च नव्हते. चर्चच्या दाराबाहेर जो मोठा समुदाय थांबला होता, ज्याला ख्रिस्त हवा होता आणि मिशनचे आवार नको होते, त्याच्यासाठी घातलेला तो मांडव होता.

मिशनरी सहकाऱ्यांची मने यामुळे दुखावली असली तरी त्यांच्यापैकी अनेकांचे टिळकांवरील प्रेम कमी झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. आक्षेप मात्र गंभीर होता, आणि तो निव्वळ संस्थेच्या अहंकारातून आलेला नव्हता. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांवाचून शिष्यत्व कसे टिकेल? पुढच्या पिढीला ते कोण देईल? ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्म्यासाठी गावकीचा रोष पत्करला, त्यांना उच्चवर्णीय शिष्य घरबसल्या ख्रिस्तानुयायी झालेला पाहून काय वाटेल? या शेवटच्या प्रश्नाला टिळकांपाशी समाधानकारक उत्तर होते असे मला दिसत नाही. उखडले जाण्याचे दुःख ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काही आहे त्याचे असते. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला मंडळी हेच पहिले गाव मिळाले होते.

हे लेखन मी जबलपुरात, मदन महलच्या टेकडीलगतच्या वस्तीत राहून करीत आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजांची खूण म्हणून काळ्या शिळांच्या गर्दीत उभा असलेला तो लहानसा किल्ला, आणि काही मैलांवर नर्मदा, असा हा परिसर. टिळकांच्या दरबाराशी या मुलखाचा सरळ संबंध नाही. परंतु तुलनेसाठी याहून योग्य जागा सापडणे कठीण. टिळकांच्याच वर्षी, १८६१ साली, जन्मलेले बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय १८९१ साली ख्रिस्ती झाले. समाजाने हिंदू आणि श्रद्धेने कॅथलिक राहता येते असे त्यांचे प्रतिपादन होते. भगवी वस्त्रे घालून त्यांनी १८९९ साली येथेच, जबलपूरला नर्मदेकाठी, ख्रिस्ती संन्याशांचा मठ आरंभिला. नागपूरच्या कॅथलिक बिशपांची त्याला सहानुभूती होती. पोपचे प्रतिनिधी झालेस्की यांनी विरोध केला, आणि थोड्याच काळात तो प्रयोग संपला. उपाध्याय पुढे बंगालच्या राजकारणात ओढले गेले, आणि १९०७ साली राजद्रोहाचा खटला चालू असतानाच वारले. चर्चने दार लावले, आणि तो मनुष्य दूर गेला.

दुसरे उदाहरण टिळकांनंतरचे आहे, आणि त्याचा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचतो. अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ हा आश्रमधर्मी संघ स्थापन केला, आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. या संघात १९२७ साली इंग्लंडहून व्हेरियर एल्विन आले. संघातील मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह १९३२ साली ते मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले. नागपूरच्या अँग्लिकन बिशपांशी त्यांचे जमले नाही, आणि त्याच दशकात एल्विननी चर्चचा निरोप घेतला. हिवाळे गोंड-परधानांमध्ये सेवाकार्य करीत राहिले, आणि नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर त्यांनी १९४६ साली ग्रंथ लिहिला. उपाध्याय आणि एल्विन या दोघांच्या शेजारी ठेवले असता टिळकांचे वेगळेपण उठून दिसते. तिघांनीही संन्यास आणि आश्रम यांच्या वाटेने जाऊन पाहिले. तिघांचाही संस्थेशी संघर्ष झाला. पण पहिल्या दोघांपाशी नसलेली एक गोष्ट टिळकांपाशी होती. दर रविवारी खेड्यापाड्यांतील मंडळ्या त्यांचीच भजने गात होत्या. त्यांनी राजीनामा दिला म्हणून ती भजने कोणी थांबविली नाहीत.

दरबाराला टिळकांच्या हयातीची जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांची प्रकृती आधीच ढासळलेली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता दहन करावे अशी त्यांची इच्छा होती, आणि तसे करण्यात आले. त्यांच्या पश्चात दरबार टिकला नाही. शिष्य पांगले, आणि ज्यांना बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचे म्हणून राहावयाचे होते त्यांना एकत्र ठेवणारे कोणी उरले नाही. आक्षेपकांनी विचारलेला पुढच्या पिढीचा प्रश्न अशा रीतीने काळानेच निकालात काढला.

भजनांचे मात्र वेगळे झाले. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा इतका मोठा आहे की तो वगळला तर मराठी प्रॉटेस्टंट उपासना मुकी होईल. वाचता न येणाऱ्या आज्यांनी ती पाठ केली, मुलांना झोपविताना म्हटली, प्रेतयात्रेत म्हटली. ज्या काँग्रेगेशनल मंडळ्यांचे ते पाळक होते, त्या कालांतराने संयुक्त चर्चमध्ये गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चचा भाग झाल्या. ज्या शहरातून त्यांनी राजनांदगावची गाडी धरली होती तेच हे शहर. नावे बदलली, संविधाने बदलली, परदेशी मिशनचा कारभार मागे सरला. गीतसंग्रहातील टिळक जागच्या जागी राहिले. दरबारात जे बाप्तिस्मा न घेतलेल्यांना द्यावयाचे होते, ते बाप्तिस्मा घेतलेल्यांनी सांभाळून ठेवले. यात टिळकांचा विजय पाहावा की पराभव, याविषयी मराठी ख्रिस्ती लेखकांतही एकमत नाही. मला दरबाराचा प्रश्न अद्याप शिळा झालेला वाटत नाही. पण तो प्रश्न आपण आज विचारू शकतो याचे श्रेय मंडळीच्या स्मरणशक्तीला द्यावे लागते.

एक काम अर्धवट राहिले होते. १९०९ साली टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' रचावयास घेतले होते. मराठीत ख्रिस्तचरित्र ओवीत सांगण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले होते. स्टीफन्सची ओवी परदेशी माणसाने प्रेमाने आत्मसात केलेली ओवी आहे. टिळकांना ती आईकडून आणि कीर्तनाच्या उंबरठ्यावरून मिळालेली होती. तरीही त्यांच्या हातून आरंभीचे काही अध्यायच झाले. संपादन, मंडळ्या, दरबार, आजारपण यांत ते काम मागे पडले.

ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांच्यापुढे टिळकांची साक्ष पाच वर्षे निष्फळ ठरली होती, ज्यांना त्यांनीच अक्षरे शिकविली होती, त्या स्त्रीने नवऱ्याच्या मागे चौसष्ट अध्याय रचले. दोघांची ओवी सारखी नाही. टिळकांच्या अध्यायांत शास्त्र्याचे संस्कृत वळण आणि वर्णनाचा सोस आहे. लक्ष्मीबाईंची रचना घरातल्या बोलण्याच्या चालीने जाते, आणि ख्रिस्ताच्या गोष्टीतील बायामाणसांपाशी ती अधिक वेळ रेंगाळते. त्यांचे निधन २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले. 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले.